समुद्रकाठची सतरंजी

माझे घरमालक काका शिंकले की आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचे अलार्म वाजायचे. हे मी वाढवून सांगतोय असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यांची शिंक ऐकलेली नाही. समोरच्या घरातला गोरा म्हातारा सकाळच्या गोळ्या त्या शिंकेवर घ्यायचा. काका एकदा भारतात गेले होते, तेव्हा त्याची तब्येत बिघडली म्हणतात.

न्यू जर्सीत मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो. वर ते आणि काकू, खाली मी. मधे जमीन होती, पण ती नावापुरती. काकू फोनवर असल्या की काका हळू बोलायचे, म्हणजे मग ते फक्त आमच्या गल्लीपुरतं ऐकू जायचं. कुणी घरी आलं की माझी ओळख करून द्यायचे, "हा आमचा भाडेकरू. पण स्वभावानं बरा आहे." आलेला माणूस चुकचुकायचा, जणू एवढा एक दोष सोडला तर माझं भलं झालं असतं.

घराला गराज होतं, पण त्यात गाडी नव्हती. गाडी बाहेर, बर्फात. आत हीटर लावून उबेला ठेवलेल्या असायच्या सतरंज्या. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या एका अध्यक्षांनी कार्यक्रमांना खुर्च्या आणायला सुरुवात केली आणि एका रात्रीत मंडळाच्या सगळ्या सतरंज्या बेवारस झाल्या. काकांनी त्या दत्तक घेतल्या. एखादा माणूस मुलांची ओळख करून देतो तशी ते सतरंज्यांची ओळख करून द्यायचे. "ही पंगतीची. ही गाण्याच्या बैठकीची, हिच्यावर पाय पसरायचे नाहीत. आणि ही हळदीकुंकवाची, ही फार बोलते." फार बोलते म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

अमेरिकेबद्दल त्यांची एकच तक्रार होती. या देशाला बसता येत नाही. "खुर्चीत बसलेला माणूस निघायच्या तयारीत असतो," ते म्हणायचे. "सतरंजीवर बसलेला माणूस आलेला असतो. फरक समजून घे." मी नोकरीत बढती मिळाली म्हणून लेदरचा सोफा घेतला, तर ते बघायला खाली आले, सोफ्याकडे पाठ करून जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "छान आहे. टेकायला बरा."

सतरंजीची घडी घालणं हा तर त्यांच्या लेखी संस्कार होता. दोन माणसं, चार कोपरे आणि तोंड बंद. घडी घालताना समोरचा बोलला की कोपरे चुकतात असा त्यांचा सिद्धांत. दिवसभरात काका गप्प असण्याची तेवढीच वेळ, त्यामुळे काकू उगाचच सतरंज्या उलगडायला लावायच्या असा मला दाट संशय आहे.

एका गणपतीउत्सवाची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. नाही, चुकलो, तो माघी गणपती होता, कारण बाहेर गुडघाभर बर्फ होता. भारतातून चीफ गेस्ट येणार होते. काकांनी ठरवलं, पाहुण्यांना पायघड्या घालायच्या. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता, त्याच्या पार्किंग लॉटपासून थेट दारापर्यंत काकांनी सतरंज्या अंथरल्या, वर पांढऱ्या चादरी, आणि स्वतः टोकाला गुलाबदाणी घेऊन उभे राहिले. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला त्याच्या फोनवरच्या नकाशानं मागच्या दारानं नेलं. आत सत्कार झाला, नारळ झाला, भाषण झालं, पाहुण्यांनी दोनदा चहा घेतला. काका बाहेर उभेच. गुलाबदाणीतलं पाणी गोठलं. त्यांना आत आणलं तेव्हा मिशा कडक झाल्या होत्या, आणि एका लहान मुलानं त्या हात लावून बघितल्या.

घरी परतताना गाडी मी चालवत होतो. मागे काकू म्हणाल्या, "इतक्या हौसेनं त्या परक्या माणसासाठी पायघड्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी काही घातलंत?"

"काय घालायचं राहिलंय?"

"अंथरूणसुद्धा मीच घालते."

"तू चीफ गेस्ट हो," काका शिंकत म्हणाले, "मग बघू." आणि हायवेवरच्या पुढच्या तीन गाड्यांनी लेन बदलली.

आता समुद्राकडे येतो. काकू यवतमाळकडच्या. लग्न होऊन अमेरिकेत येईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात काका त्यांना जर्सीच्या किनाऱ्यावरच्या एका गावी घेऊन गेले. लाकडी फळ्यांचा लांबच लांब बोर्डवॉक, आकाशपाळणा, चिकट टॉफीची दुकानं, हातातला खाऊ पळवणारे सीगल. काकू साडीचा काठ उचलून घोटाभर पाण्यात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्याच नाहीत. तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक दिवस त्या गावी जायचं, हा त्या घराचा नेम. इतर लोक देवाला जातात, काकू पाण्यात उभं राहायला जायच्या. पोहायच्या नाहीत, खेळायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. लाट आली की हसायच्या.

काका मात्र कधीही पाण्यात गेले नाहीत. ते साताऱ्याकडच्या डोंगरातले. "पाणी कसं विहिरीत पाहिजे," ते मला समजावून सांगायचे. "आपण त्याच्याकडे जायचं. जे पाणी आपल्या अंगावर चालून येतं, त्याच्याशी मी संबंध ठेवत नाही." ओल्या वाळूची रेघ जिथे संपते तिथे ते उभे राहायचे, पॅंट दुमडलेली, आणि हातात काकूंच्या कोल्हापुरी चपला. तासन्‌तास. चपला खाली वाळूवर ठेवता येतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मीच सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या महिन्यात घर सोडायचा विचार केला.

त्यांचं बाकीचं दुकान मागे मांडलेलं असायचं. गोरी मंडळी एक टॉवेल आणि एक पुस्तक घेऊन यायची. आम्ही पाच सतरंज्या, पाण्याची कळशी, थालीपिठांचा डबा आणि उन्हासाठी साड्या बांधून केलेला मांडव घेऊन. एकदा सीगलनं काकांच्या हातातलं थालीपीठ पळवलं. त्या पक्ष्यानं जन्मात बटाट्याच्या काड्यांपलीकडे काही खाल्लेलं नव्हतं. तो लांब खांबावर बसून विचारात पडला, मग परत आला आणि लोणच्याच्या बरणीशेजारी उभा राहिला. काकांनी त्याला फोड दिली. पुढच्या वर्षी तो सहकुटुंब हजर होता.

आणि मग ते वर्ष आलं, ज्याच्या हिवाळ्यात काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं.

ऑपरेशन चांगलं झालं. काकू चालायला लागल्या, पण वॉकर घेऊन. वॉकरच्या मागच्या पायांना हिरवे टेनिसबॉल लावलेले. उन्हाळा आला तशी मिशिगनमधल्या नोव्हाय गावाहून त्यांची मुलगी आली, मुग्धा, आणि जावई. मुग्धाचा जन्म इथलाच. आईच्या दुखण्यात तिनं खूप केलं होतं, आणि आता तिला आईबाबांना घेऊन एक साधा, शांत दिवस घालवायचा होता. तिनं आदल्या संध्याकाळी बाबांना समोर बसवलं. जमिनीवरच, कारण दुसरीकडे ते बसले नसते.

"बाबा, उद्या आपण नॉर्मल लोकांसारखं रिलॅक्स करायचं. नो मांडव. नो कळशी. नो सतरंजी."

"मग बसायचं कशावर?"

"फोल्डिंग चेअर्स घेतल्यात. विथ कपहोल्डर्स."

"कपहोल्डर," काका म्हणाले, जसं एखाद्यानं आजाराचं नाव उच्चारावं. पण मग म्हणाले, "ठीक आहे." एवढ्या चटकन म्हणाले की मुग्धानं माझ्याकडे बघितलं, मी जावयाकडे आणि जावयानं छताकडे.

दुसऱ्या दिवशी ऊन लखलखीत होतं. त्या गावानं वॉकरवाल्यांसाठी आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी बोर्डवॉकपासून वाळूवर एक निळी चटई टाकली होती. चांगली रुंद, जाड. काकू तिच्यावरून टुकटुक करत निघाल्या, आणि आम्ही सगळे मागून, वरातीसारखे. पण चटई समुद्रापर्यंत नव्हती. अर्ध्या वाटेवर संपत होती. ज्यांनी ती टाकली त्यांना बहुतेक वाटलं असावं की माणसाला समुद्र दिसला की पुरे.

चटईच्या टोकाशी मुग्धानं खुर्च्या मांडल्या. काकूंनी वॉकर पुढे टाकला. तो सुक्या, भुसभुशीत वाळूत गेला तो गेलाच. जावयानं उपसून काढला. काकूंनी पुन्हा टाकला, पुन्हा रुतला, आणि त्या जरा कलंडल्या. मुग्धा किंचाळली. लाइफगार्डच्या मनोऱ्यापाशी मोठाल्या पिवळ्या चाकांची वाळूतली खुर्ची होती, ती मी आणली. काकूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

"नाही."

"आई, इट्स फ्री, इट्स सेफ, सगळे यूज करतात!"

"केळ्यांच्या गाडीसारखं मला ढकलत नेऊ नका. गेले तर पायानं जाईन." मग त्या खुर्चीत बसल्या, कपहोल्डरवाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "इथूनही दिसतोच की. पुढच्या वर्षी तुम्ही मुलं या हं. मी घरी थांबेन."

सहज म्हणाल्या. सॅंडविच हवंय का विचारावं तशा. पण मुग्धानं गॉगल लावला, आणि तो तिनं उन्हासाठी लावला नव्हता. रिलॅक्स करायला आलेलं आमचं कुटुंब, म्हणजे मी भाडेकरू धरून, एका ओळीत खुर्च्यांवर बसलं होतं आणि कुणालाही कुणाकडे बघायचं नव्हतं.

आणि काका गप्प होते. मी त्यांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. त्या शांततेत मला पहिल्यांदा लाटांचा आवाज ऐकू आला. दर वर्षी येत असून समुद्राला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

मग ते उठले आणि काही न बोलता गाडीकडे गेले. परत आले तेव्हा खांद्यावर गुंडाळी होती. लाल-निळी, पट्ट्यांची. बैठकीची.

"बाबा!" मुग्धा उठली. "यू प्रॉमिस्ड!"

"मी ठीक आहे म्हणालो होतो."

"कुठे होती ही?"

"स्टेपनीखाली," जावई पुटपुटला. "यार, मी म्हटलं गाडी मागून जड का वाटतेय."

"जावईबापू, कोपरा धरा," काका म्हणाले. "आणि तू रे, भाडेकरू, तो धर. बोलू नका."

आम्ही धरली. काकांनी तिची लांबट दुहेरी घडी केली आणि चटईच्या टोकापासून समुद्राच्या दिशेनं वाळूवर अंथरली. गुडघ्यांवर बसून हातानं सपाट केली. एकही सुरकुती ठेवली नाही. मग काकूंसमोर आले.

"चल."

"कुठं?"

"चीफ गेस्ट उशिरा आले तर चालतं," काका म्हणाले. "पण मागच्या दारानं जायचं नाही."

काकूंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्यांचा चेहरा कसा झाला हे मी सांगणार नाही, कारण मी नेमका तेव्हा डोळ्यांत गेलेली वाळू काढत होतो. त्यांनी कोल्हापुरी चपला काढल्या, काकांनी त्या उचलल्या, आणि काकूंनी वॉकर सतरंजीवर टाकला. सतरंजीनं तो धरला. मंडळाच्या सगळ्या बैठकी जिनं पेलल्या होत्या, तिला टेनिसबॉल काय जड!

टुक, टुक, टुक. सतरंजी संपली. पुढे पुन्हा भुसभुशीत वाळू, आणि ओल्या, घट्ट वाळूची रेघ अजून बरीच लांब.

काकू टोकाशी उभ्या. काकांनी मागे वळून पाहिलं. घरच्या गराजमध्ये सतरंज्यांचा ढीग नुसता पडला होता. ते मुग्धाला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मुग्धा उभी राहिली, आपल्या खुर्चीवरचा भलामोठा टॉवेल तिनं ओढला, धावत गेली आणि आईच्या पुढे अंथरला.

"असा नाही," काका म्हणाले. "दुहेरी. कोपरे जुळव."

"बाबा, आय नो!" ती म्हणाली, आणि गॉगल काढून कोपरे जुळवले.

मग जावयाचा टॉवेल. मग माझा. तरी रेघ लांबच. माझ्या मनात आलं, आता शर्ट काढावेत. काकांचा शर्ट एवढा मोठा होता की त्यात निदान दोन पावलं भागली असती.

आमच्या शेजारी एक दांडगा गोरा गृहस्थ पहुडला होता. दंडांवर, छातीवर, मानेवर, जिथे म्हणून कातडी होती तिथे चित्रं गोंदलेली. वाघ, नांगर, गुलाब, आणि बहुधा सासूबाई. तो बराच वेळ बघत होता. तो उठला तेव्हा त्याची सावली आमच्या सगळ्यांवर पडली. त्यानं काकांना इंग्रजीत विचारलं, "इथे काय चाललंय? लग्न आहे का?"

काका ताठ उभे राहिले आणि आपल्या इंग्रजीत म्हणाले, "नो वेडिंग. शी इज चीफ गेस्ट."

त्या माणसानं काकूंकडे पाहिलं. वॉकर, टेनिसबॉल, फिकट जांभळी साडी. मग त्यानं आपला टॉवेल झटकला, आणि देवाची शपथ सांगतो, काकांनी न सांगता दुहेरी घडी केली. कोपरे जुळवून. काकांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते जावयाकडे बघताना कधी दिसलं नव्हतं.

यानंतर काय झालं ते मी जसं आठवतं तसं सांगतो. तुम्ही त्यातलं निम्मं कापा, तरी पुरेसं उरेल. गोंदणवाल्याच्या बायकोनं तिचा टॉवेल दिला. पलीकडच्या कुटुंबानं त्यांची ब्लॅंकेट्स दिली. कुणीतरी डॉल्फिनचं चित्र असलेला दिला, कुणी बेसबॉल टीमचा, एका आजीबाईंनी तर अंगाभोवतीचा दिला आणि त्या खुशाल पोहण्याच्या कपड्यांत उभ्या राहिल्या. काका पुढे पुढे चालत होते, एका हातात चपला, दुसऱ्या हातानं रहदारी सांभाळत. त्यांचा तो आवाज! "लेफ्ट! थोडा लेफ्ट! नो रिंकल, प्लीज!" पलीकडच्या गावातल्या किनाऱ्यावरसुद्धा लोकांनी टॉवेलच्या सुरकुत्या काढल्या असतील.

तेवढ्यात मनोऱ्यावरून लाइफगार्डची शिट्टी वाजली. कर्कश, लांब. सगळे थबकले. आता दंड होणार, हाकलणार, असं वाटून मी मनात माफी तयार करायला घेतली. लाइफगार्ड उठून उभी राहिली. मुलगीच होती, नाकाला पांढरं क्रीम लावलेली. तिनं हात लांब केला आणि फ्रिस्बी खेळणाऱ्या घोळक्याला ओरडून सांगितलं, रस्ता मोकळा करा, बाई चालतायत.

टुक, टुक, टुक. काकू सतरंजीवरून मुग्धाच्या टॉवेलवर, तिथून गोंदणवाल्याच्या टॉवेलवरून, डॉल्फिनवरून, बेसबॉलवरून, अमेरिकेच्या यच्चयावत रंगांवरून गेल्या. घाई अजिबात नव्हती. चीफ गेस्ट घाई करत नाहीत. मधे एकदा थांबून त्यांनी एक टॉवेल चिमटीत धरून बघितला आणि मुग्धाला म्हणाल्या, "हे कापड बरं आहे गं. कुठून घेतलं विचार." आणि शेवटी ओली, घट्ट वाळू आली. वॉकर तिच्यावर टिकला. एक लाट लांबून हळूच सरकत आली आणि त्यांच्या पावलांवरून गेली.

काकू हसल्या. दर वर्षी हसायच्या तशाच. मागे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काका त्यांच्या रेघेवर थांबले होते. पॅंट दुमडलेली, हातात चपला.

काकूंनी मान वळवली. "अहो."

"काय?"

"चीफ गेस्ट एकट्याच उभ्या राहतात का? अध्यक्ष कुठे आहेत?"

"मी इथे बरा आहे."

"इतकी वर्षं बरेच आहात तिथं." काकूंनी वॉकरवरचा एक हात सोडला आणि मागे केला. "एका हातानं माझा तोल जातोय हं. पडले तर पुन्हा ऑपरेशन."

काकांनी पाण्याकडे पाहिलं. अंगावर चालून येणाऱ्या त्या पाण्याकडे. मग हातातल्या चपलांकडे. त्यांचा शेवटचा मुद्दा अजून शिल्लक होता.

"चपला कोण धरणार?"

कुणी काही बोलायच्या आत गोंदणवाला पुढे झाला. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं दोन्ही हात पुढे केले. काकांनी त्याला नीट निरखलं आणि चपला त्याच्या तळहातांवर ठेवल्या. मग स्वतःच्याही काढून वर ठेवल्या. आणि रेघ ओलांडली.

अटलांटिकचं पाणी उन्हाळ्यातही बर्फासारखं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिली लाट पायाला लागली तेव्हा काकांच्या तोंडून जे बाहेर पडलं, त्यानं वर बोर्डवॉकच्या मागे, पार्किंग लॉटमधल्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. सगळे. एका सुरात. खोटं वाटत असेल तर त्या गावात जाऊन विचारा. काकू इतक्या हसल्या की काकांना त्यांना दोन्ही हातांनी धरावं लागलं, आणि एकदा धरल्यावर मग त्यांनी सोडलं नाही.

आम्ही मागे उभे होतो. मुग्धा तिथेच टॉवेलवर बसली होती, मांडी घालून. गोंदणवाला कोल्हापुरींचे दोन जोड तळहातांवर घेऊन, स्मृतिचिन्ह मिळालेल्या माणसासारखा निश्चल उभा होता. बऱ्याच वेळानं त्यानं मला हळूच विचारलं, "या मी कुठे ठेवू?"

"खाली नको," मी म्हटलं. "धरून ठेव. त्यांना अजून वेळ लागेल."